वाद्यवृंद कोणाच्या श्रमावर उभा राहतो?

पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हणजे दक्षिण मुंबईतील धनिकांची हौस, अशी समजूत पुरोगामी वर्तुळातही रूढ आहे. श्रोत्यांच्या पहिल्या दोन रांगांकडे पाहिले तर ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु नजर वादकांच्या खुर्च्यांकडे वळवली की चित्र पालटते. मुंबईतील सिंफनी वाद्यवृंदाचा इतिहास हा देणगीदारांपेक्षा कष्टकरी वादकांचा इतिहास आहे. समाजवाद्यांनी त्याकडे पाठ फिरवणे म्हणूनच योग्य नाही.

१९३५ साली व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. त्याच सुमारास युरोपातून आलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन यांनी मुंबईत चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली होती. आकाशवाणीची परिचित संकेतधून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते हेच कॉफमन. मेहतांच्या वाद्यवृंदात हौशी पारशी वादक होते, फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधील वादक होते आणि त्यांच्या जोडीला होते पोटासाठी वाजवणारे गोमंतकीय.

हे गोमंतकीय आले कोठून? पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून गरिबाच्या मुलालाही स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिनचे शिक्षण मिळे. हेतू धार्मिक होता, प्रार्थनेसाठी गायक-वादक हवे होते. परिणाम मात्र व्यापक झाला. जी विद्या युरोपात बहुधा मध्यमवर्गाच्या घरी शिकवली जाई, ती येथे शेतकरी, रेंदेर आणि खलाशी यांच्या मुलांच्या हाती आली. हीच मुले पुढे मुंबईस येऊन धोबीतलावच्या कुडांत राहिली आणि हॉटेलांतील बँड, मूकपटांची थिएटरे व १९३१ नंतर बोलपटांचे स्टुडिओ येथे काम करू लागली. स्वरलिपी वाचता येत असल्याने चित्रपटसंगीताची वाद्यरचना बऱ्याच अंशी त्यांच्याकडे गेली. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतील काही नावे. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक असे. वाद्यरचनाकाराचे नाव सहायक म्हणून येई, पुष्कळदा येतच नसे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) याच परंपरेतले. त्यांनी १९५८ साली स्टुडिओतील शंभराहून अधिक वादक एकत्र करून इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. रागांवर आधारलेल्या सिंफनी रचना त्यांनी सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणात सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. दिवसा मजुरीवर वाजवणाऱ्या वादकांचे हे स्वतःचे व्यासपीठ होते. ते टिकले नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेस गेले. पुढे त्यांचे नाव बहुसंख्य लोकांना ठाऊक झाले ते १९७७ च्या एका चित्रपटगीतामुळे. ती त्यांचे शिष्य प्यारेलाल यांची गुरुदक्षिणा होती.

असे प्रयत्न का टिकत नाहीत, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले, की चार वादकांची एक रचना वाजवण्यास मोझार्टच्या काळी जेवढे श्रम लागत तेवढेच आजही लागतात. कारखान्यात यंत्रामुळे उत्पादकता वाढते आणि वेतनही वाढते. वादकाला मात्र त्याच कामासाठी वाढत्या महागाईत जगायचे असते. त्यामुळे खर्च तिकिटातून भागत नाही. तूट कोणीतरी सोसावीच लागते. ती शासन सोसेल, धनिक आश्रयदाता सोसेल किंवा वादक स्वतः.

मुंबईत ती दीर्घकाळ वादकाने सोसली. शिक्षणाचा खर्च पॅरिश शाळेने उचलला होता, उपजीविका स्टुडिओने दिली होती, आणि उरलेली संध्याकाळ वादकाने सिंफनीला दिली. पुढे पॅरिश शाळांची परंपरा क्षीण झाली. १९८० नंतर सिंथेसायझर आला आणि पन्नास वादकांचे काम एका पेटीने होऊ लागले. दोन्ही आधार गेले. २००६ साली एनसीपीएने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली, तेव्हा संगीत संचालक मरात बिसेनगालियेव कझाकस्तानचे होते आणि वादकांतील मोठा भाग परदेशातून आणावा लागला. यात त्या संस्थेचा दोष नाही. ज्या शहराने वादक घडवणे थांबवले, त्याला ते आयात करावेच लागणार.

दुसरा मार्ग व्हेनेझुएलात दिसला. १९७५ साली होसे आंतोनियो आब्रेउ या अर्थतज्ज्ञाने काराकासमध्ये मूठभर मुलांना घेऊन वाद्यवृंद सुरू केला. पुढे वेगवेगळ्या मतांच्या सरकारांनी त्यास पैसा पुरवला आणि वस्त्यावस्त्यांतील लाखो मुलांच्या हाती वाद्ये आली. या प्रयोगावर टीकाही झाली. कारभार एककल्ली आहे, शिस्त जाचक आहे आणि सत्तेशी जवळीक वाढते आहे, असे आक्षेप घेतले गेले. ते गंभीर आहेत. शासनाचा पैसा हवा, पण कारभारात वादकांचा व पालकांचा आवाजही हवा, हा त्यातील धडा होय.

येथे आक्षेप येईल, की शाहीर आणि ढोलकीवाले उपाशी असताना परक्या संगीतावर सार्वजनिक पैसा का खर्चावा? बाजाची पेटीही युरोपातूनच आली. आज तिच्याविना भजन रंगत नाही आणि तिला कोणी परकी म्हणत नाही. शिवाय मागणी प्रेक्षागृहांसाठी अनुदानाची नाहीच. पालिकेच्या प्रत्येक शाळेत पूर्ण वेतनावर संगीतशिक्षक असावा आणि प्रत्येक विभागात मुलांना वाद्ये उसनी देणारे भांडार असावे, एवढीच ती आहे. त्या भांडारात व्हायोलिनशेजारी ढोलकी असेल, आणि मूल जे उचलेल ते त्याचे.

चर्चने आपल्या हेतूसाठी जे केले, ते लोकशाही शासनाने नागरिकांसाठी करू नये, असे म्हणण्यास कोणतेही समाजवादी कारण सापडत नाही.