कोठीवरचा माणूस

माझ्या लहानपणी लग्नकार्यात दोन माणसांवाचून खोळंबा होत असे: एक भटजी आणि दुसरा कोठीवरचा माणूस. भटजी सर्वांना दिसत. कोठीवरचा माणूस कुणालाच दिसत नसे. ऐकू येई तो त्याच्या किल्ल्यांचा आवाज. आमच्या घराण्यात हे काम वर्षानुवर्षे अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे होते. चारशे पानांना तूप किती, हा हिशेब त्यांना तोंडपाठ. आम्ही पोरे मागे त्यांना 'तूपचोर' म्हणत असू!

दिवाळीच्या फराळाचे डबे भरले जाऊ लागले की अण्णा आठवतातच. यंदा त्यांची आठवण झाली ती मात्र एका अमेरिकन नौदल अधिकाऱ्यामुळे. कमोडोर वॉरल रीड कार्टर. दुसऱ्या महायुद्धात त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळाले, आणि ते शत्रूचे जहाज बुडवल्याबद्दल नव्हे, तर आपल्या जहाजांना पोसल्याबद्दल.

प्रशांत महासागरातली अडचण अशी होती की, लढाऊ जहाजाचे तेल संपले तर ते भरायचे कुठे? पर्ल हार्बर हजारो मैल मागे राहिलेले. मग अमेरिकनांनी बंदरच सोबत न्यायचे ठरवले. १९४४ साली कार्टर यांच्या हाताखाली दहावे सेवा-पथक उभे राहिले. तेलाची जहाजे, दारूगोळ्याची जहाजे, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारी जहाजे, दुरुस्तीचे कारखाने, तरंगत्या गोद्या, असा सारा संसार घेऊन ते माजुरो, एनिवेटॉक आणि अखेर उलिथी या प्रवाळबेटांवर पोचले. १९४५च्या मार्चमध्ये, ओकिनावाच्या मोहिमेआधी, उलिथीच्या पाण्यात सहाशेहून अधिक जहाजे नांगरून उभी होती. म्हणजे पंगत केवढी, पाहा! खलाशांसाठी आइस्क्रीम करणारा एक पडावही तिथे होता. अण्णांना हे फार आवडले असते.

आता कोणी म्हणेल, कोठीत बसणाऱ्याला कसला धोका? २० नोव्हेंबर १९४४च्या पहाटे उलिथीत नांगरलेल्या 'मिसिसिनेवा' या तेलाच्या जहाजावर जपान्यांचा 'काइतेन' आदळला. काइतेन म्हणजे आत माणूस बसून चालवायचा पाणतीर. जहाज तेलासकट पेटले आणि ६३ माणसे गेली.

तरीही थट्टा काही चुकत नाही. अमेरिकन नौदलात पुरवठ्याचे वेगळे खातेच आहे. त्या अधिकाऱ्यांचे चिन्ह ओकचे पान आणि तीन फळे. खलाशी त्याला 'पोर्क चॉप', म्हणजे डुकराच्या मांसाचा तुकडा म्हणतात. तूपचोराचाच हा सातासमुद्रापलीकडचा भाऊ!

मी तरी काय वेगळा? वर्गात 'भाऊसाहेबांची बखर' शिकवताना विश्वासरावांना गोळी लागते तिथे माझा आवाज चढतो, मुले स्तब्ध होतात. पण त्याआधी, डिसेंबर १७६० मध्ये, रसदीची जबाबदारी वाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणी उपासमारीकडे गेली, हे मी एका वाक्यात उरकतो. गेली पंधरा वर्षे उरकतो आहे. कार्टर यांनी पुढे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच घेवडा, गोळ्या आणि काळे तेल यांना एका ओळीत बसवले आहे. पहिला मान घेवड्याला.

परवा ताईच्या लग्नाचा आल्बम काढला. साठ-सत्तर माणसांचा एक मोठा फोटो आहे. मांडवात झोपलेले शेजाऱ्यांचे पोरही त्यात आले आहे. अण्णा कुठे दिसेनात. आईला विचारले.

"ते कसे असतील रे त्यात?" ती म्हणाली. "वाढप्यांची पंगत बसायची होती ना अजून!"