ग्रॅनाडा पाहिले, पिंजार घाट राहिला



माझी भाची, म्हणजे मोठ्या आपाची मुलगी, काही वर्षांपासून जर्मनीत असते. जावई तिथे इंजिनिअर आहे. डिसेंबरच्या सुट्टीत दोघे दहा वर्षांच्या मुलाला घेऊन नाशिकला आले. रात्री जेवण झाले, दस्तरखान उचलला आणि नेहमीप्रमाणे मोबाइलवरचे फोटो सुरू झाले. त्यांनी नुकतीच स्पेनची सहल केली होती. ग्रॅनाडा शहर, तिथला अलहंब्रा महाल आणि समोरच्या टेकडीवरची अल्बायसीन नावाची जुनी मुस्लिम वस्ती. या वस्तीत फिरायला त्यांनी दोन तासांसाठी फक्त आपल्यापुरता एक गाईड घेतला होता. किती युरो मोजले ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात आमच्या घरी महिन्याचा किराणा येतो.

पण भाची सांगू लागली तसे पैसे वाया गेले नाहीत हे मला पटले. गाईडने त्यांना फार लांब नेलेच नाही. अरुंद, चढाच्या गल्ल्या, पांढऱ्या भिंती. दर थोड्या अंतरावर थांबून तो एखादा शब्द सांगायचा. पाण्याच्या जुन्या हौदाला तिथे आजही ‘अल्हीबे’ म्हणतात, तो शब्द अरबी. साखरेला म्हणतात तो शब्दही अरबी ‘सुक्कर’पासून आलेला, आणि त्याचे मूळ शोधत गेले तर आपल्या ‘शर्करे’पर्यंत येते. गावच्या नगराध्यक्षाला स्पॅनिशमध्ये ‘अल्काल्दे’ म्हणतात, म्हणजे मुळात ‘अल-काझी’! तिथले मुस्लिम राज्य 1492 मध्ये संपले, पण शब्द राहिले. सॅन होसे नावाच्या चर्चचा घंटेचा मनोरा मुळात मशिदीचा मिनार आहे, तोही त्यांनी पाहिला.

मी कौतुकाने मुलाला विचारले, “मग आता नाशिक कधी पाहणार?”

तो म्हणाला, “छोटी नानी, नाशिकमध्ये पाहण्यासारखे काय आहे?”

भाची हसली. मी मात्र गप्प झाले. वीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते आहे. माझ्या घरच्या मुलाला ग्रॅनाडाच्या काझीचा शब्द ठाऊक आणि स्वतःच्या आजोळची काझी गढी ठाऊक नाही! मी म्हटले, “उद्या रविवार आहे. सकाळी सात वाजता चपला घालून तयार राहा. दोन तास, गाईड मी. फी म्हणून चहा तुम्ही पाजायचा.”

रात्री जुनी वही काढली. शाळेच्या एका प्रकल्पासाठी पूर्वी वाचनालयात बसून टिपणे उतरवली होती. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे. आपल्या गावाबद्दल वाचायचे असेल तर तिथे बसून भरपूर मिळते, जायचा आळस मात्र टाकावा लागतो.

सकाळी दूध बाजारातून निघालो. मी पहिला प्रश्न मुलालाच विचारला, “रस्ता सपाट आहे का?” त्याने पाहिले आणि म्हणाला, “नाही, चढ आहे.” इथे लहानपणी आम्ही सगळ्या जणी सायकल हातात धरून चढवल्या आणि उतारावर पाय उचलून सोडल्या, पण हा चढ का आहे हे कधी विचारले नाही. नाशिक नऊ टेकड्यांवर वसले आहे अशी जुनी म्हण आहे. 1883 च्या इंग्रजी गॅझेटिअरमध्येही तिची नोंद आहे. जुनी गढी, नवी गढी, पठाणपुरा, म्हसरूळ टेक, डिंगर आळी, चित्रघंटा ही त्या टेकड्यांशी जोडलेली नावे. रिक्षावाल्याला आपण रोज सांगतो ती काही नावे खरे तर टेकड्यांची आहेत. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत, म्हणजे बागांचे गाव. पेशव्यांच्या काळात पुन्हा नाशिक झाले आणि 1818 मध्ये गाव इंग्रजांकडे गेले. एवढे मी चालता चालता सांगितले. मुलांना सनावळ्या थोड्या पुरतात, चढ मात्र पायांना लक्षात राहतो.

पुढे पिंजार घाट आणि बडी दर्गा. हजरत सय्यद सादिक शाह हुसैनी (रह.) यांची ही दर्गा. उर्साच्या दिवसांत सगळ्या समाजाचे लोक इथे येतात. मुलगा पाटी वाचत म्हणाला, “पिंजार म्हणजे काय?” मी म्हटले, “कापूस पिंजणारे,” आणि पटकन पुढे निघाले. का, ते नंतर सांगते.

काझी गढी आम्ही खालून पाहिली. गोदावरीच्या काठावरचा हा मातीचा उंच ढिगारा, वर दाटीवाटीची घरे. 1950-51 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केले. एकावर एक वस्त्यांचे थर निघाले, दोन हजार वर्षांहून जुनी भांडी निघाली. म्हणजे लोक राहिले, घरे पडली, त्याच मातीवर पुढच्यांनी घरे बांधली, आणि अशी ही टेकडी चढत गेली. मुलगा ओरडला, “काझी! अल्काल्दे!” रात्रीचा शब्द त्याला इथे भेटला. मी सांगितले की जुन्या कारभारात काझी म्हणजे न्याय देणारा माणूस. गावातल्या काझीपुऱ्याचे नावही त्यावरूनच.

पण या गढीची दुसरी बाजूही त्याला दाखवली. दर पावसाळ्यात इथली माती खचते, कडेच्या घरांना जागा सोडण्याच्या सूचना येतात. माझी एक विद्यार्थिनी इथली. जुलै महिन्यात ती वर्गात पेंगायची, म्हणून मी एकदा रागावले होते. नंतर कळले की पावसाच्या रात्री घरातले सगळे आळीपाळीने जागे राहतात. इतिहासाचा धडा शिकवणाऱ्या बाईला इतिहासावर राहणाऱ्या मुलीची झोप दिसली नव्हती.

तिथून तांबट आळीत आलो. रविवार असूनही एका दुकानात ठोकण्याचा आवाज येत होता. कारागीर तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे ठोके एका ओळीत घालत होता. त्याने मुलाला जवळ बोलावले, ठोका कसा मारायचा दाखवले, हंडा हातात दिला. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचे नाव या हातांमुळे झाले. मी रंगात येऊन सांगू लागले, “बघ, इथे गल्ल्यांची नावे कामावरून पडली आहेत. तांबट आळी, सराफ बाजार, दूध बाजार, बागवानपुरा. सराफ हा शब्दसुद्धा अरबी, पैसे पारखणारा तो सर्राफ.”

मुलाने विचारले, “आणि आपल्या घरचे काय काम करायचे?”

भाची म्हणाली, “कापसाचा बिझनेस होता ना, खाला?”

मी “हो” म्हटले आणि सराफ बाजाराकडे वळले. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

सरकारवाडा पाहिला. पेशवेकाळातला हा वाडा, खाली काळा दगड, वर लाकडी काम. समोर सोन्याच्या दुकानांची गर्दी, त्यामुळे मान वर करून पाहायला कोणी थांबत नाही. मीही थांबत नसे. मग नदीवर गेलो. दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले अशी बातमी घरोघर जाते. 1969 चा पूर आमच्या अम्मी सांगायच्या, 2008 चा मी स्वतः पाहिला.

पलीकडच्या काठावर नारोशंकराचे मंदिर. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते 1747 मध्ये बांधले. त्याची घंटा सगळ्या महाराष्ट्राला म्हणीमुळे माहीत आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही घंटा. तिच्यावर 1721 हे साल आहे. मुलाने हिशेब केला, “म्हणजे घंटा मंदिरापेक्षा मोठी आहे! आणि ती युरोपच्या लोकांची होती?” मग थोडा विचार करून म्हणाला, “तिकडे मशिदीच्या मिनारात चर्चची घंटा आणि इकडे पोर्तुगीजांची घंटा मंदिरात. मग हे सगळे नक्की कोणाचे?”

असा प्रश्न वर्गात आला की आम्ही शिक्षक घड्याळाकडे पाहतो. आजकाल तर मोठी माणसेही या प्रश्नावरून भांडतात. मी त्याला एवढेच म्हटले, “बेटा, राजे येतात, जिंकतात, हरतात. आपण जे झाले ते जसेच्या तसे सांगायचे. आपल्याला आवडते तेवढेच सांगायचे आणि बाकीचे गाळायचे, असे करायचे नाही.”

वाक्य तोंडातून निघाले आणि माझे मलाच लागले. मी सकाळपासून तेच तर करत होते!

चहा तसाच ठेवून मी सगळ्यांना पुन्हा पिंजार घाटावर आणले. भाची म्हणाली, “खाला, हे तर झाले ना पाहून?” मी म्हटले, “नाही, राहिले.”

तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मी सांगितले. आमचे नाना, म्हणजे या मुलाच्या आजीचे वडील, पिंजारी होते. कापसाचा व्यापार कधीच नव्हता. पिंजण खांद्यावर टाकून ते गल्लोगल्ली फिरत. लग्नसराईत लोकांच्या अंगणात बसून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजत, नवा करून भरून देत. तारेचा टंग-टंग आवाज आला की बायका गाद्या बाहेर काढत. त्यात हिंदू घरे होती, मुसलमान घरे होती. संध्याकाळी नाना घरी येत तेव्हा पापण्यांवरही कापूस असे, आणि रात्रभर खोकला. त्या खोकल्यावर आपा शिकली, त्या खोकल्यावर मी बीएड केले. आणि बीएडच्या पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी सांगितले, “आमच्या नानांचा कापसाचा व्यापार आहे.” समोर सगळ्या नोकरदारांच्या, वकिलांच्या मुली बसल्या होत्या. ते खोटे मी पुढे सासरी सांगितले, मग ते घरात रुळले आणि भाचीपर्यंत पोहोचले.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अम्मीच्या कपाटावर ती लाकडी वस्तू आहे, दोन्ही टोकांना जाड. मी लहानपणी त्याने अक्रोड फोडायचे.” मी म्हटले, “तोच नानांचा ठोका. त्याने पिंजणाच्या तारेवर मारत.” पिंजण कधीच भंगारात गेले होते, ठोका मात्र अक्रोडांमुळे वाचला होता.

घरी गेल्यावर मुलाने तो उतरवला. त्याला तो आधी व्यायामाचा डंबेल वाटला. मधोमध जिथे मूठ धरतात तिथे लाकूड झिजून गुळगुळीत झाले आहे. त्याने तिथे आपली मूठ ठेवली आणि विचारले, “नानांचा हात माझ्यापेक्षा मोठा होता का?” आपाला रडू आवरेना. जर्मनीला जाताना तो ठोका त्याच्या बॅगेत गेला. लोणच्याची बरणी त्यासाठी मागे राहिली.

भगिनींनो, सुट्टीत मुलांना बाहेर न्यायला पैसे नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. सकाळी दोन तास काढा. चार-पाच ठिकाणेच ठरवा, जास्त नाही. घरातल्या एखाद्या बुजुर्गांना बरोबर घ्या. त्यांचे पाय दुखत असतील तर निघण्याआधी त्यांच्याजवळ बसून विचारून घ्या. प्रत्येक पाटीवरचे नाव मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि ते का पडले असेल हे आधी त्यालाच सांगू द्या. कारागीर दिसला तर सलाम-नमस्कार करून, परवानगी घेऊन थांबा. कोणाच्या दारात शिरून फोटो काढू नका. आणि वाटेत आपल्या घराण्याचे जे काम होते ते खरे सांगा. विणकर असतील, कागदी असतील, बागवान असतील, खाटीक असतील, हमाल असतील. ज्या हाताने हलालची रोटी घरात आणली तो हात लपवायचा नसतो. मला हे कळायला पंचेचाळीस वर्षे लागली.

सुट्टीनंतर मी सातवीच्या वर्गाला गृहपाठ दिला: तुमच्या गल्लीचे नाव आणि तुमच्या दादा-नानांचे काम. तास सुरू करताना फळ्यावर नमुना म्हणून मी माझेच उत्तर लिहिले, ‘पिंजार घाट. गाद्या भरणे.’ मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, आमचे पण.”