दारावरचा आकडा जुन्या टायरचा!

गेल्या मे महिन्यात भिलाईला ताईकडे गेलो, तर भाच्याने गाडीला सतरा इंची अलॉय चाकं आणि बुटके टायर चढवलेले. शेजारची पोरं मुद्दाम बघायला येत होती. "मामा, कशी दिसते?" दिसत होती झकासच! ताईची तक्रार मात्र वेगळी होती. "अरे, साध्या खड्ड्यातसुद्धा कंबर मोडते." भाच्याने त्यावर तोडगा काढला होता. हवा ३३ पौंडांवरून २६ वर आणली होती. दुसऱ्या दिवशी पाच माणसं आणि सामान घेऊन आम्हाला लग्नाला नागपूरला जायचं होतं!

बुटक्या टायरची बाजूची भिंत कमी उंचीची असते. आत हवा कमी मावते, आणि गाडीचा भार तर हवाच पेलते. हवा कमी केली की भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, तापते आणि भर वेगात टायर फुटू शकतो. खड्ड्यात तीच भिंत रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटते.

मग हवा भरायची तरी किती? दाराच्या चौकटीवरच्या पट्टीतला आकडा कंपनीच्या मूळ टायरसाठी असतो. टायरवर कोरलेला आकडा असतो कमाल मर्यादेचा. तो रोज भरायचा नसतो. पाहायचा असतो तो मापापुढचा भारांक. भाच्याचे जुने टायर १८५/६५ आर १५, भारांक ८८, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो. नवे २०५/४५ आर १७, भारांक ८४, म्हणजे ५०० किलो. चार चाकांचे मिळून २४० किलो कमी झाले. तीन-चार माणसांचं वजन! ही तूट हवा वाढवूनही पुरती भरून निघत नाही.

याच मापात 'एक्सएल' खुणेचा, ८८ भारांकाचा मजबूत टायर मिळतो. पण जुन्या टायरइतका भार पेलायला त्याला ३३ ऐवजी सुमारे ३८ ते ३९ पौंड हवा लागते. आपल्या टायरचा नेमका आकडा टायर कंपनीच्या भार-तक्त्यात पाहावा.

हवा मोजायची ती टायर थंड असताना, गाडी निदान तीन तास उभी असताना. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की दाब साधारण एका पौंडाने बदलतो. भिलाईत जानेवारीच्या पहाटे दहा अंश आणि मेच्या दुपारी पंचेचाळीस, म्हणजे सहा पौंडांचा फरक. म्हणून थंडीत हवा जरूर तपासा. आणि प्रवासात तापलेल्या टायरचा आकडा चढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका. गार झाल्यावर ती कमी पडेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे बॅटरी घेऊन आम्ही चारही चाकं तपासली. मागच्या डाव्या टायरला आतल्या बाजूने सुपारीएवढा फुगा आलेला! बाहेरून तो दिसतच नव्हता. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. अशा टायरला दुरुस्ती नाही. भाचा काही न बोलता अडगळीतली जुनी चाकं काढायला गेला.

त्याच चाकांवर आम्ही नागपूर गाठलं. राजनांदगाव मागे पडलं तोवर ताई मागच्या सीटवर गाढ झोपली होती. भाचा आता एक्सएल टायर घेणार आहे. ताईच्या कंबरेसाठी मी सोळा इंची चाकं सुचवली आहेत. १९५/५५ आर १६ची उंची जुन्या टायरएवढीच, आणि भिंतही जरा उंच. बघू या, कोण जिंकतं!