परदेशी विद्यापीठ दारात आले, आरक्षणाचे काय?

जून २०२५ मध्ये मुंबईत यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी या पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. नवी मुंबई विमानतळाजवळ त्यासाठी एज्युसिटीची योजना आहे. आता परदेशात जायची गरज नाही, असे सांगितले जाते. आम्ही वस्तीतल्या मुलामुलींसोबत काम करतो. आमचा प्रश्न साधा आहे : या दारातून आत कोण जाणार?

यूजीसीचे नोव्हेंबर २०२३ चे नियम पाहा. प्रवेशाची पद्धत आणि फी परदेशी विद्यापीठ स्वतः ठरवणार. शिष्यवृत्ती ते देऊ शकते, पण दिलीच पाहिजे असे बंधन नाही. आरक्षणाचीही सक्ती नाही.

हे एका दिवसात घडलेले नाही. १९९५ च्या गॅट्स कराराने शिक्षणाला जागतिक व्यापारातील सेवांच्या यादीत आणले. २००० च्या बिर्ला-अंबानी अहवालाने उच्च शिक्षणाचा खर्च विद्यार्थ्याने उचलावा, अशी दिशा दिली. २०१० चे परदेशी शिक्षणसंस्था विधेयक संसदेत मंजूर झाले नाही. मग २०२० च्या शैक्षणिक धोरणाने वाट मोकळी केली आणि जे संसदेत अडले ते यूजीसीच्या नियमावलीतून आले. प्रश्न विचारणारे आपले प्रतिनिधी या वाटेत कुठेच नव्हते.

जागतिक ज्ञानाला आपला विरोध असूच शकत नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले आणि १९१६ मध्ये तिथेच त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. आज मात्र केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजावरचे विषय वगळले. म्हणजे तोच निबंध लिहायला आज ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. बाहेर जाण्याची वाट अरुंद आणि इथल्या दारावर फीचे कुलूप!

संविधानाचे कलम १५(५) खासगी संस्थांतही आरक्षणाचा कायदा करण्याची मुभा देते. तो कायदा परदेशी कॅम्पसनाही लागू व्हावा, सरकारी जमीन घेणाऱ्यांवर शिष्यवृत्तीचे बंधन असावे आणि २०२२ ची अट रद्द व्हावी, अशी आपली मागणी असली पाहिजे. विद्यार्थी संघटनांनी जमिनीचे करार माहिती अधिकारात आत्ताच मागावेत. इमारती उभ्या राहिल्यावर अटी बदलत नाहीत.

जय भीम!