संसारांतील सोयी : ऊन पाण्याचा टब

अभ्यंगस्नानाचें सुख आपल्या गृहस्थाश्रमाला नवें नाहीं. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ आणि तेल-उटणें यांवर कित्येक पिढ्या संतुष्ट होत्या. अलीकडे शिरूर-दौंडकडे नवीं घरें बांधतांना, नवराबायकोला एकत्र बसतां येईल असा ऊन पाण्याचा लहानसा टब घ्यावा कीं काय, असा विचार निघूं लागला आहे. ही केवळ चैन म्हणून आम्ही नाक मुरडणार नाहीं. अमेरिकेंतील जकूझी बंधूंच्या कारखान्यानें १९५६ सालीं जो पंप बाजारांत आणला, तो मुळांत संधिवातानें पीडलेल्या घरच्याच एका मुलासाठीं योजलेला होता. तथापि टब पसंत करतांना रंग आणि फवारे यांच्या आधीं तीन गोष्टींचा हिशेब मांडावा, असें आम्हांस वाटतें : पाणी, भार आणि वीज.

दोघांच्या टबांत सुमारें ८०० लिटर, म्हणजे चार मोठीं पिंपें पाणी मावतें. बादलीनें स्नान करणाऱ्या दोन माणसांना रोज ४० लिटर पुरतें असें धरल्यास हें वीस दिवसांचें पाणी झालें. शिरूरजवळून घोड आणि दौंडजवळून भीमा वाहते खरी, पण दोन्ही तालुके पर्जन्यछायेंतले. तेव्हां प्रत्येक वेळीं ओतून द्यावयाचा टब येथें शोभणार नाहीं. गाळणयंत्र असलेला टब घेऊन तेंच पाणी महिनाभर वापरलें, तर रोजचा खर्च २७ लिटरांवर येतो. मात्र त्यासाठीं जपानी कुटुंबांचा नियम पाळावा लागतो : आधीं बाहेर साबण लावून स्वच्छ व्हावें, मगच टबांत उतरावें. कोमट पाण्यांत जंतू झपाट्यानें वाढतात. म्हणून क्लोरिनचें प्रमाण नियमानें तपासलें पाहिजे. बोअरचें पाणी जड असल्यास बंबांत बसतो तसाच क्षार येथेंही बसतो व हीटर निकामी करतो. पाण्याची परीक्षा खरेदीपूर्वींच करून घ्यावी.

आतां भार. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. साठ सेंटिमीटर खोल पाणी दर चौरस मीटरला ६०० किलो भार घालतें. आणि राहत्या घराची जमीन भारतीय मानकाप्रमाणें वापराच्या २०० किलो भारासाठीं योजलेली असते. गच्चीसाठीं तर हा आंकडा १५० च आहे. म्हणून माडीवर किंवा गच्चीवर टब ठेवण्याचा मोह अभियंत्याच्या लेखी हिशेबावांचून धरूं नये. तळमजल्यावरील काँक्रीटचा ओटा सर्वांत निर्धास्त.

हें पाणी २५ अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारें १४ युनिट वीज लागते. दोन किलोवॅटचा हीटर सात तास चालेल. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालें कीं जवळजवळ पाऊण युनिटाची उष्णता गेलीच. यास्तव जाड, घट्ट बसणारें झाकण हा टबाचा अर्धा जीव समजावा. तें कुलपाचें असावें, कारण एकत्र कुटुंबांत लहान मुलें असतात. अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरवर प्रवाह तोडणारा स्विच यांत काटकसर नको.

चाळीस अंशांहून ऊन पाणी नसावें, आणि पाव तासाहून अधिक बसूं नये. गरोदर स्त्रिया, हृदयविकारी व रक्तदाबाची औषधें घेणारीं माणसें यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय टबांत उतरूं नये. वडील मंडळींच्या दुखऱ्या सांध्यांनाही लाभ व्हावा अशी इच्छा असेल, तर पायऱ्या व धरावयास दांडा आधींच करून घ्यावा.

दुकानांत दोघांनीं रिकाम्या टबांत बसून पाहावें. गुडघे आखडत नसतील त्यांतला लहानांत लहान टब निवडावा. दोघांना निवांत अर्धी घटका मिळावी, ही इच्छा गैर नाहीं. पण घराचें पाणी सर्वांचें आहे. ज्या घरीं वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें सूनबाईंच्या टबासाठीं सासूबाईंच्या हंड्याला तोटा पडूं नये. अशा घरीं गच्चीवरील सौर बंब आणि पूर्वीचें घंगाळ यांनींच मार्गशीर्ष-पौषाची थंडी गोड करावी, हेंच आम्ही सुचवूं.