रब्बीच्या रात्री आणि दारे धरणाऱ्याची वस्त्रे

थंडीची लाट येणार असे कळताच गावोगाव पिकांची व जनावरांची चिंता सुरू होते. जळगावकडे केळीच्या घडांवर पिशव्या चढविल्या जातात, निफाडकडे द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात आणि गोठ्यातील गाईच्या पाठीवर गोणपाटाची झूल पडते. हे सारे योग्यच आहे. परंतु त्याच रात्री गव्हाला पाणी देण्यासाठी जो माणूस घोटाभर चिखलात उभा असतो, त्याच्या अंगावर काय आहे याची विचारपूस क्वचितच होते. बहुधा एक सुती सदरा आणि वर एक घोंगडी, एवढाच त्याचा सरंजाम असतो.

निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावर किमान तापमान 5 अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याच्या नोंदी अनेक हिवाळ्यांत झालेल्या आहेत. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिचा लाभ जेथे पोहोचला नाही, तेथे रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्यास रात्रीच दारे धरावी लागतात. म्हणून वस्त्रांचा प्रश्न हा शेतीकामाचाच प्रश्न होय.

एकच जाड वस्त्र पांघरले म्हणजे थंडीचा बंदोबस्त झाला, ही समजूत चुकीची आहे. ऊब कापडात नसते. ती कापडाच्या धाग्यांत व दोन कापडांच्या मध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. पाणी हे हवेपेक्षा सुमारे 25 पट अधिक उष्णतावाहक आहे. त्यामुळे कापड भिजून हवेची जागा पाण्याने घेतली की तेच कापड अंगातील उष्णता बाहेर ओढू लागते. दारे धरणाऱ्याचे नेमके येथेच चुकते. फावडे चालविताना घोंगडीची अडचण होते म्हणून ती बांधावर जाते. तासाभरात सदरा घामाने ओला होतो. मग वाफा भरेपर्यंत तो स्वस्थ उभा राहतो आणि वाऱ्याची झुळूक लागताच त्यास हुडहुडी भरते. ओल्या सदऱ्यावर पुन्हा घोंगडी घेतली तरी व्हावा तितका उपयोग होत नाही.

याकरिता एका जाड वस्त्राऐवजी दोन-तीन पातळ वस्त्रे एकावर एक घालावीत. अंगालगतचे वस्त्र कोरडे राहील असे असावे. सुती बनियन घाम शोषून ओलाच राहतो, म्हणून कोरड्या बनियनचा एक जोड पिशवीत बांधून न्यावा व काम थांबताच बदलावा. त्यावर लोकरीची बंडी किंवा स्वेटर घालावा. लोकर किंचित दमट झाली तरी बरीच ऊब राखते. सर्वांत वर वारा व दव अडविणारे वस्त्र हवे. रेनकोट चालेल, मात्र त्यातून घामाची वाफ बाहेर पडत नाही, म्हणून फावडे हाती असताना तो पुढून उघडा ठेवावा. खरी युक्ती घालण्याइतकीच काढण्यात आहे. घाम फुटण्यापूर्वी मधले वस्त्र उतरवावे आणि उभे राहताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, पुन्हा चढवावे. वस्त्रे फार घट्टही नसावीत, नाहीतर मधली हवाच नाहीशी होते.

डोके व कान मुंडाशाने झाकावेत. पायांत गमबूट असल्यास आत कोरडे मोजे घालावेत. विजेच्या पेटीला मात्र ओल्या हाताने स्पर्श करू नये. गारठलेली बोटे नीट वळत नाहीत.

कांद्याच्या लागणीस सकाळी ओल्या वाफ्यात वाकणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून बिकट असते. लुगड्याचा काठ भिजतो आणि वर एखादा जुना सदरा असला तर असतो. मजूर लावणाऱ्या शेतकऱ्याने त्यांच्यासाठी बांधावर कोरडी जागा व कपडे बदलण्यापुरता आडोसा करून देणे फार खर्चाचे नाही. लागवडीच्या खर्चाचा हिशेब मांडताना ही बाब कोणी धरीत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

शेतकऱ्याचे अंग काटक असते, त्यास थंडी बाधत नाही, असेही पुष्कळदा ऐकू येते. शरीराचे आतील तापमान 35 अंशांखाली गेले की काटक माणूसही धोक्यात येतो. सतत कापरे भरणे, बोलताना जीभ अडखळणे, हातातून फावडे निसटणे ही त्याची लक्षणे होत. अंग गारच असून कापरे थांबले तर तो आराम समजू नये, ती अधिक गंभीर अवस्था आहे. अशा वेळी माणसास घरात न्यावे, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे व डॉक्टरांना त्वरित बोलवावे. दारूचा घोट देणे हा तर घातकच उपचार. तिने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि उष्णता मात्र अधिकच निघून जाते.

नोव्हेंबरच्या मध्यास पेरलेल्या गव्हाला मुकुटमुळे फुटण्याच्या वेळचे पाणी 18 ते 21 दिवसांनी, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने पेरणीच्या बैठकीत बियाणे व खताबरोबर हाही विषय काढावा. ट्रंकेतील लोकरीच्या बंड्या बाहेर काढून त्यांना ऊन दाखविण्यास तोवर पुरेसा अवधी असतो.