तलंग की कोंबडा?

बाजाराच्या आदल्या दिवशी व्यापारी दारात येतो, डालग्यातली पिल्ले चाचपतो आणि ‘हे सगळे नरच’ म्हणून घेऊन जातो. त्यांत एखादी तलंग गेली, तर तिची अंडी गेली आणि उद्याची खुडूकही गेली. म्हणून ही पारख घरच्या बाईला यायला हवी.

टोकदार अंड्यातून नर निघतो, ही समजूत खोटी आहे. एका दिवसाच्या गावठी पिल्लाकडे नुसते पाहून नर-मादी कळत नाही. ६ ते ८ आठवडे थांबा. नराचा तुरा लवकर वाढतो, लाल होतो. पायही जाड दिसतात. तलंगेचा तुरा लहान आणि फिकट राहतो.

मात्र आधी जात पाहा. असीलचा तुरा नर-मादी दोघांचाही लहानच असतो. कडकनाथचा तुरा काळसर जांभळा. तिथे लाली शोधू नका, आकार पाहा. आणि नुसती काळी पिसे म्हणजे कडकनाथ नव्हे. पिसे फुंकून बाजूला करा. आतली कातडी, पाय, जीभही काळपट हवी.

तरीही शंका राहिली, तर १२ आठवड्यांनंतर शेपटीच्या बुडाशी पाठीवरची पिसे पाहा. नराची लांब, टोकदार आणि चमकदार; तलंगेची गोल टोकाची.

तोवर शंकेच्या पिल्लाच्या पायात रंगीत चिंधी सैलसर बांधा, पाय वाढेल तशी सोडून पुन्हा बांधा. चिंधीवाले पिल्लू या बाजारी विकायचे नाही, एवढे घरात सर्वांना सांगून ठेवा.